फिरतीवरचा खांदा

उजवा हात वर जाईनासा झाला तेव्हा मी आधी ब्लाउजला दोष दिला. बाही दंडात अडकतेय असं वाटलं म्हणून ती उसवून घेतली. मग उशी बदलली. मग कामावरच्या मशीनच्या पेटीवर खापर फोडलं, कारण ती पेटी रोज मीच उचलत होते. दवाखान्यात जाईपर्यंत अशी गत झाली होती की केस बांधायचे तर कमरेतून वाकून डोकंच हातापाशी न्यावं लागायचं.

मी शाळेतल्या मुलांचे कान तपासते. एका संस्थेतर्फे आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या गावोगावच्या शाळांत जातो. आम्ही म्हणजे मी, कानाचं मशीन आणि जीपचे ड्रायव्हरकाका. मुलाच्या कानांवर हेडफोन चढवायचे, मशीनमधून बारीक आवाज सोडायचा आणि तो ऐकू आला की मुलानं हात वर करायचा. सुरुवातीला मी करून दाखवते, हे बघा, असा. त्या वर्षी करून दाखवताना माझा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून मी डावा वर करायला लागले. पहिलीतली पोरं हुबेहूब नक्कल करतात. सगळा वर्ग डावा हात वर करायला लागला आणि बाईंनी माझ्याकडं रागानं पाहिलं.

डॉक्टरांनी माझा हात धरून मागं फिरवला, मी ओरडले, आणि ते म्हणाले, "खांदा जाम झालाय. साखर आहे ना तुम्हाला? साखरेच्या पेशंटना हे जास्त होतं. गोळीनं दुखणं कमी होईल, पण हात सुटेल तो व्यायामानंच. सहा महिने लागतील, वर्षही लागेल."

व्यायाम शिकवायला एक मुलगी होती, माझ्या लेकीपेक्षा थोडीच मोठी. टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, जिथं कळ येईल तिथं थांबायचं, दहा मोजायचे, आणि मग आणखी बोटभर वर. दारावरून दोरी टाकून चांगल्या हातानं दुखरा हात ओढायचा. पाठीमागून टॉवेल धरायचा, अंग पुसतो तसा. हे सगळं सकाळ, दुपार, संध्याकाळ.

मी म्हटलं, "अगं, मी महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर असते."

"ताई, भिंत तर सगळीकडं असते," ती म्हणाली.

ते खरंच होतं. पण कुठली भिंत कशी असते हे त्या मुलीला माहीत नव्हतं. घरी बेडरूमच्या भिंतीवर नवरा पेन्सिलनं खूण करायचा, कालच्यापेक्षा आज किती वर ते दिसायचं. फिरतीवर रोज नवी भिंत. कळंबच्या लॉजमधली ओल आलेली, बोटं चालवली की नखांत चुना भरायचा. तिथल्या दारावरून दोरी टाकली तर दार लागेना, म्हणून अर्धवट उघड्या दारात उभी राहून मी हात वर-खाली ओढत होते. शेजारच्या खोलीत खतांच्या कंपनीचे एक गृहस्थ उतरले होते. ते जिन्यावरून आले, थांबले आणि फार काळजीनं म्हणाले, "म्याडम, काही अडकलंय का? मी बघू?" त्यानंतर कळंबला मी दोरी काढलीच नाही.

शाळांच्या भिंती त्यातल्या त्यात बऱ्या. एका शाळेत व्हरांड्याच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा रंगवला होता. दुपारच्या सुट्टीत पोरं खिचडीला बसली की मी त्याच्यासमोर उभी राहायची. बोटं सोलापूरहून निघायची, धाराशिव ओलांडायची, बीडपाशी आली की डोळ्यांत पाणी यायचं. जालना काही केल्या गाठता येईना. मागं खिचडीची ताटं घेऊन बसलेली पोरं बघत असायची. एका मुलीनं विचारलं, "म्याडम, तुमी काय हुडकायलाव?"

खरं सांगायचं तर दुखण्यापेक्षा थकवा जास्त होता. दिवसभर धुळीच्या रस्त्यानं जायचं, बारीक आवाजाकडं कान लावून बसायचं, ज्या पोराला ऐकू येत नाही त्याच्या आईला ते सांगायचं. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर अंगात काही उरायचं नाही. चप्पल काढून पलंगावर पडावं आणि कुणी आपल्याला काही करायला सांगू नये, एवढंच वाटायचं. तेव्हाच तो व्यायाम बाकी असायचा. आपलाच खांदा आपल्यामागं लागलेला, आणि त्याला टाळून जायला दुसरी खोलीही नाही.

केसांचं काही जमेना तेव्हा मी कळंबमध्येच एका पार्लरमध्ये जाऊन ते मानेपर्यंत कापून टाकले. कापणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, एवढे दाट केस, नक्की ना?" मी हो म्हटलं आणि डोळे मिटले. पुढं महिनाभर गावोगावच्या बायका विचारत होत्या, "तिरुपतीला जाऊन आलाव का?"

ड्रायव्हरकाका साठीला आलेले. घरची मेंढरं भावाकडं, हे गाडीवर. पहिले काही दिवस त्यांनी माझ्या व्यायामाकडं पाहिलंच नाही. बाईमाणूस भिंतीला तोंड करून उभी आहे म्हटल्यावर ते तोंड फिरवून तंबाखू मळत बसायचे. मग एकदा त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि त्या दिवसापासून ते काम त्यांनी आपल्याकडं घेतलं. दुपार झाली की म्हणायचे, "म्याडम, तुमचा हात राहिलाय." रस्त्यात बरंसं कंपाउंड दिसलं की गाडी हळू करायचे. "हितं लावू का? भिंत चांगली हाय. सावली बी हाय." मला ते बरं वाटायचं आणि त्यांचा रागही यायचा.

श्रावणाच्या शेवटी आम्ही माकणीला गेलो. तिकडच्या शाळा करायच्या म्हणजे धाराशिवहून रोज जाऊन-येऊन जमत नाही. माकणीला लॉज नाही. मुख्याध्यापकांनी शाळा समितीच्या अध्यक्षांच्या घरी माझी सोय लावली. गावाला लागूनच शेतात घर होतं, स्लॅबचं, पुढं अंगण, पलीकडं गोठा. घरात अध्यक्ष, त्यांची म्हातारी आई आणि बायको. मुलं लातूरला शिकायला. अध्यक्षांच्या बायकोला आजूबाजूचे सगळे अक्का म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागले. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असाव्यात. बोलणं कमी, हात सतत कशात तरी.

पहिल्या संध्याकाळी हातपाय धुऊन मी टॉवेल वाळत घालायला अंगणात गेले. दोरी माझ्या छातीएवढ्या उंचीवर होती. धाराशिवला माझ्या घरीही ती तिथंच आहे, नवऱ्यानं खिळे काढून खाली ठोकले होते. इथं खांबांवर जुन्या गाठींचे वळ वर दिसत होते आणि नव्या गाठी त्याच्या हातभर खाली. साड्या दुमडून टाकल्या होत्या तरी काठ मातीला टेकले होते. मी टॉवेल टाकला आणि तिथंच थांबून राहिले. मग पाणी प्यायला स्वैपाकघरात गेले. भिंतीतल्या फळ्या रिकाम्या होत्या, त्यांच्यावर धूळ. पिठाचे, डाळीचे, चटणीचे सगळे डबे खाली फरशीवर ओळीनं मांडलेले.

अक्का चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मी विचारलं, "अक्का, तुमचा कोणता हात?"

"कोणता म्हंजे?"

"वर न जाणारा."

थापणं थांबलं. त्यांनी आधी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "डावा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. दोरी बघितली."

त्यांनी भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ह्यांना बी ठावं न्हाय. सासूबाईनं इचारलं, दोरी खाली का बांधली. म्हनलं, वाऱ्यानं तुटली व्हती."

"कधीपासून?"

"मागल्या उन्हाळ्यापासून असंल. काम व्हतंय की उजव्यानं. दुखतंय ते दुखतंय."

"दवाखान्यात?"

"कशाचा दवाखाना ओ," त्या म्हणाल्या आणि पुढच्या भाकरीचं पीठ घेतलं.

मी माझा हात वर करून दाखवला, जिथपर्यंत जात होता तिथपर्यंत. अक्का बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला दया दिसली नाही. ओळखीचं माणूस अचानक परगावच्या बाजारात भेटावं तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "अग्गो," त्या म्हणाल्या. "तुमी तर शिकलेल्या हाव. तुमाला बी व्हतंय व्हय हे?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गोठ्याच्या भिंतीपाशी उभी राहिले. त्या घरातली सगळ्यात चांगली भिंत तीच होती, सिमेंटची, गुळगुळीत, गावाजवळच्या धरणाकडून वारा यायचा. बोटं निम्म्यावर गेली असतील तेवढ्यात अक्का येऊन शेजारी उभ्या राहिल्या. पदर खोचला आणि डावा हात भिंतीवर ठेवला. "कसं करायचं म्हनलाव?"

मी दाखवलं. त्यांची बोटं माझ्यापेक्षाही खाली अडकली. चेहरा आवळला गेला, पण तोंडातून आवाज आला नाही. ओसरीवर बसलेल्या त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "दोघी मिळून भिंत ढकलायलाव का काय? माझ्या गोठ्याची भिंत हाय ती." अक्कांना हसू आलं. हसता हसता हात खाली आला आणि त्यांनी तो परत वर नेला.

तिथं होते तेवढे दिवस आम्ही रोज असं केलं. मी त्यांना सांगितलं की एकदा साखर तपासून घ्या, माझ्या डॉक्टरांनी असं असं सांगितलंय. त्या व्हय म्हणाल्या. ज्या आवाजात माणसं पाहुण्याला व्हय म्हणतात त्या आवाजात. निघताना त्यांनी शेंगाच्या चटणीचा डबा जीपमध्ये ठेवला आणि माझा फोन नंबर त्यांच्या मोबाइलवर माझ्याकडूनच टाकून घेतला.

चार दिवसांनी मी कळंबच्या त्याच लॉजमध्ये पलंगावर पडले होते. खाली बाजारात धान्याचे टेम्पो, हॉर्न, हमालांची ओरड. फोन वाजला.

"केलाव का?"

मला आधी कळलंच नाही. मग आवाज ओळखला. "नाही ओ अक्का अजून. आत्ताच आले."

"उठा मग. मी बी उभी राहते."

मी उठले. फोन स्पीकरवर ठेवून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तिकडं गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती, इकडं टेम्पो. मध्येच त्यांचा श्वास अडकायचा, मध्येच माझा. शेवटी त्या म्हणाल्या, "झालं माझं. ठेवते."

मग हे रोजचंच झालं. मी आमच्या जिल्ह्यातल्या वाशीत असो, भूममध्ये असो, घरी असो, दिवेलागणीच्या आधी फोन यायचा. केलाव का? उठा मग. हळूहळू त्या थोडं बोलायला लागल्या. सोयाबीनला शेंगा कशा धरल्यात, लेकाला लातूरच्या मेसचं जेवण सोसत नाही, असं काही. एकदा मी विचारलं, "दुखत नाही का तुम्हाला? तुम्ही कधी बोलतच नाही."

"दुखतंय की. लई दुखतंय. पर एवढ्या टायमाला मला कुणी हाक मारीत न्हाय. सासूबाई म्हनत्यात, तिचं ते भिंतीचं चालू हाय. दिवसभरात तेवढंच."

मला जे आणखी एक काम वाटत होतं ते त्यांना सुट्टीसारखं होतं. याचा मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. उलट जास्तच थकल्यासारखं झालं. पण त्या महिन्यात मी एकही संध्याकाळ चुकवली नाही, आणि नकाशाच्या त्या शाळेत पुन्हा गेले तेव्हा माझी बोटं जालन्याला पोचली.

मग सोयाबीनची काढणी आली. एक दिवस फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मीच केला, तर अध्यक्षांनी उचलला. मागं मळणीयंत्राचा आवाज. ते ओरडून म्हणाले, "म्याडम, रानात हाव सगळे! आभाळ आलंय! नंतर करायला लावतो!" पुढं तो फोन आला नाही, आणि मीही पुन्हा केला नाही. कामाच्या घाईत असलेल्या बाईला मी काय म्हणून फोन करावा? हात वर केलाव का म्हणून?

अक्कांचा फोन थांबला तसं माझंही थांबलं. आज राहू दे, उद्या दोनदा करू, असं म्हणत मी झोपून जायची. दिवाळीला लेक पुण्याहून आली, ती म्हणाली, "आई, तुझा हात परत तसाच झालाय." व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं मोजमाप घेतलं आणि नुसतं "हं" म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर बेंबळीला गेलो होतो. त्या दिवशी एका पोराच्या आईनं माझ्याशी भांडण काढलं होतं. तिच्या पोराला एका कानानं ऐकू येत नाही हे तिला माझं मशीन बिघडल्याचं लक्षण वाटत होतं. डोकं दुखत होतं. जीपमध्ये बसले तर काका म्हणाले, "म्याडम, शाळेची मागली भिंत रिकामी हाय. तुमचा हात—"

"काका, तुम्ही तुमच्या गाडीचं बघा," मी म्हटलं. "माझ्या हाताचं माझं मी बघीन."

त्यांनी गाडी सुरू केली. धाराशिव येईपर्यंत त्यांनी रस्त्यावरून नजर हलवली नाही. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे वेळेवर आले, पेटी त्यांनीच उचलून गाडीत ठेवली, पाऊसपाण्याचं बोलले. पण दुपारी हाताचं नाव काढलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. जेवणानंतर ते झाडाखाली डोळे मिटून पडायचे आणि मी डबा बंद करून भिंतीकडं बघत बसायची. आठवडा असाच गेला. मग एका दुपारी मीच म्हटलं, "काका, इथली भिंत कशीये?"

त्यांनी डोळे उघडले. भिंतीकडं नीट बघितलं. "बरी हाय," ते म्हणाले. "खाली खडी हाय, पाय सांभाळा."

डिसेंबरात माकणीला परत जायचं होतं. ज्या मुलांच्या कानात दोष निघाला होता त्यांची दुसरी तपासणी होती. मला त्या घरी जायची लाज वाटत होती. संध्याकाळी पोचलो. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि मी त्यांना पाहून दचकले. गळ्याची हाडं वर आली होती. ब्लाउज अंगावर ढिला झाला होता. डावा हात पोटाशी धरलेला.

"सुटलं ओ ते," त्यांनी मी काही विचारायच्या आतच सांगितलं. "भिंतीचं. काढणी झाली, मग हरभरा, मग सासूबाई आजारी. टाईमच घावंना."

"माझंही सुटलं," मी म्हटलं.

त्या खाली बसल्या. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. बोलता बोलता त्यांनी माझ्यासाठी आणलेल्या तांब्यातलंच पाणी घटाघटा प्यायलं आणि मग ध्यानात आल्यावर ओशाळल्या. "लई तहान लागायली बघा. थंडीचं बी. पोटात पाणी ऱ्हात न्हाय, सारखं उठावं लागतंय."

हे सगळं मला ओळखीचं होतं. माझंही असंच सुरू झालं होतं. मी म्हटलं, "अक्का, सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. काही खायचं नाही, चहा पण नाही."

"सकाळी धार कोण काढंल?"

ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या, "जा गं. मी हाय अजून. धार काढाया येती मला."

सकाळी काकांनी आम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं. अक्का मागच्या सीटवर मशीनच्या पेटीशेजारी, पदर डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या. नर्सनं बोटाला टोचलं, थेंब पट्टीवर घेतला, आकडा बघितला आणि डॉक्टरांकडं नेला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी अक्कांना बसवलं, पाय तपासले, डोळ्यांचं विचारलं, किती दिवसांपासून वजन उतरतंय ते विचारलं. मग साखर म्हणजे काय, ती वाढली की काय होतं, गोळ्या कशा घ्यायच्या, पायाला जखम होऊ द्यायची नाही, रोज चालायचं, हे सगळं सावकाश सांगितलं. खांद्याचं मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "ते व्यायाम चालू ठेवा."

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर बाकड्यावर येऊन बसल्या. गोळ्यांची पिशवी मांडीवर. मग म्हणाल्या, "आता हे बी करायचं का?"

त्यात तक्रार नव्हती. पाणी भरून झालंय, भाकरी झाल्यात, धुणं झालंय, आणि आता कुणी आणखी एक भांडं पुढं सरकवावं, तसा तो आवाज होता. मी शेजारी बसले.

तेवढ्यात मोटरसायकलवर अध्यक्ष आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते आमच्यासमोर उभे राहिले, टोपी काढली, परत घातली. मी जे कळलं ते सांगितलं, हातासकट. त्यांनी बायकोकडं पाहिलं. "मला सांगायचं तरी."

"कवा सांगू?" अक्का म्हणाल्या. "तुमी घरात कवा असताव?"

काकांनी जीपमधून पाण्याची बाटली आणून दिली. अध्यक्षांनी ती उघडून बायकोच्या पुढं धरली. मी दुसरीकडं बघितलं.

त्या दिवशी घरी गेल्यावर अध्यक्षांनी अंगणातली दोरी वर बांधायला घेतली, साड्या मातीला टेकू नयेत, बायकोचं काम सोपं व्हावं म्हणून. अक्का दारातूनच म्हणाल्या, "अवो, खालीच राहू द्या. वर बांधली तर मला कशी पुरंल?" मग ते दोरीचं टोक हातात धरून उभे राहिले. मला हसूही आलं आणि रडूही आलं.

त्यानंतर फोन पुन्हा सुरू झाला, पण रोजचा नाही. कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्यानं. आता त्या आधी विचारायच्या, "गोळी घेतलाव का?" मग हाताचं. कधी मी म्हणायची, आज जमलं नाही. कधी त्या म्हणायच्या. कुणी कुणाला उठा म्हणायचं नाही अशा संध्याकाळीही आम्ही फोन ठेवत नव्हतो. गप्पा मारायचो, थकल्याच्या. तिकडं किती थंडी आहे, इकडं किती. माझा हात हळूहळू सुटत गेला. केस मानेखाली आले तेव्हा ते मागं नेऊन रबर लावण्याइतका सुटला. पाठीवर साबण अजूनही पोचत नाही, आणि डॉक्टर म्हणतात एवढं राहील कदाचित. अक्कांचा हात त्यांच्या कानापर्यंत जातो. वजन थोडं भरलं.

फेब्रुवारीत त्यांना डोळे तपासायला धाराशिवला यायचं होतं. मी म्हटलं, आदल्या दिवशीच या, घरीच राहा. नवरा-बायको दोघं आले. अध्यक्ष जेवून सोफ्यावर बसले आणि बसल्या बसल्या झोपले. अक्कांनी घर हिंडून पाहिलं, माझी वाळत घालायची दोरी पाहिली, बेडरूमच्या भिंतीवरच्या पेन्सिलच्या खुणा पाहिल्या. मी बिनसाखरेचा चहा केला. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पिऊन टाकला.

संध्याकाळ झाली. मी सवयीनं उठले. "चला अक्का. दोघी करू."

त्या पलंगावर पाय वर घेऊन, भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. लग्नानंतर असं दुसऱ्याच्या घरी नुसतं बसून राहणं कधी झालं होतं की नाही कोण जाणे.

"आज न्हाय," त्या म्हणाल्या. "आज मी पाव्हणी हाय."

"अक्का, मी फिरतीवर असले तरी करते."

"तुमी कामावर असताव. मी आज कामावर न्हाय." त्यांनी शेजारची उशी ओढून माझ्यासाठी जागा केली. "बसा तुमी बी. उद्या बघू."

मी बसले. बाहेर रस्त्यावर एसटी स्टँडकडं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता. हॉलमध्ये अध्यक्ष घोरत होते. माझा नवरा दारात येऊन विचारून गेला, दिवा लावू का, आणि दोघीही एकदम म्हणालो, थोड्या वेळानं.